कॅमेऱ्याच्या टप्प्यात

दुकानातल्या नमुन्याच्या पाळण्यात ऑपरेटरनं बाहुली उताणी झोपवली, तिची मान जराशी उजवीकडे वळवली आणि खिशातून टेप काढून पाळण्याच्या कठड्यापासून भिंतीवरच्या कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. एक मीटर ऐंशी. आकडा त्यानं तळहातावर पेननं लिहून घेतला.

"घरी एवढंच येतं," तो म्हणाला. "फार तर वीतभर इकडेतिकडे."

दुकानातल्या बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तोंडाचा पट्टा सदा चालू.

"बाळाचे बाबा, अकरा वर्षं झाली मला या मजल्यावर. लोक येतात, रंग बघतात, पडदा केवढा ते बघतात आणि घेऊन जातात. टेप घेऊन आलेलं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतेय. बाळ झोपवायचंय की जमिनीची मोजणी करायचीय?"

तो कसनुसा हसला. मग टेबलावरचा छोटा पडदा उचलून त्यानं डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर पाळणा होता, बाहुली होती, पाळण्यालगतच्या खुर्चीचा एक हात होता. बस. खुर्चीचा दुसरा हात आणि दार कापलं गेलं होतं.

"या दुसऱ्यातही खुर्ची अर्धीच दिसते."

"अहो, बाळ पाळण्यात ना? मग खुर्ची कशाला दिसायला हवी?"

"दार पण दिसत नाही."

"दाराला काय ताप येणार आहे की दात?"

 उत्तर ऑपरेटरजवळ होतं, पण ते ज्या माणसापासून लपवायचं ते माणूस तीन हातांवर बसलेलं. त्याची बायको त्या खोट्या खोलीतल्याच खुर्चीत बसली होती. दुकानानं तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात बाळाची खोली उभी केली होती. तीन भिंती, चौथी नाही, आणि एका भिंतीवर कागदाची खिडकी, तिच्यात कागदाचं निळं आभाळ. आल्यापासून ती त्या आभाळाकडे बघत होती. हात मांडीवर, तळवे वर.

"कोणी आलं-गेलं कळावं म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"मग हा तिसरा घ्या," बाई म्हणाल्या आणि खोकं शोधायला काउंटरमागे वाकल्या.

ऑपरेटरचं कामच मुळी बघण्याचं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये तो बारा वर्षं बसत होता. समोर सोळा पडदे. प्रत्येकावर एक टाकी, एक झडप नाही तर कालव्याचा एखादा दरवाजा. टाकीच्या कठड्यावर मांजर बसलं तरी त्याला पहिल्यांदा दिसायचं, म्हणून तिथले लोक त्याला घार म्हणत. मागे एकदा एक पडदा गोठला होता. चित्र बंद पडलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. शांत पाणी, रिकामा कठडा, सगळं जागच्या जागी. प्रत्यक्षात तिथं पाणी काठावरून वाहत होतं आणि ड्यूटीवरचा माणूस नऊ मिनिटं त्या शांत चित्राकडे बघत चहा पीत बसला होता. तो माणूस घार नव्हे, दुसरा होता. पण तेव्हापासून कुठलाही कॅमेरा घेताना ऑपरेटर पहिला प्रश्न एकच विचारायचा.

आताही विचारला. "सिग्नल गेला तर पडदा काळा होतो, की शेवटचं चित्र तसंच राहतं?"

"आं?" खोकं घेऊन वर आलेल्या बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "हे कोणी विचारलं नव्हतं हो आजवर. थांबा, बघूया."

त्यांनी मोठ्या हौसेनं कॅमेऱ्याची वायर उपटली. पडदा काळा झाला आणि किंचाळल्यासारखा वाजू लागला. खुर्चीतली बायको दचकली नाही, तिनं मानही वळवली नाही. ऑपरेटरनं मात्र ते पाहिलं. आवाजानं न दचकणारी बाई ती कधीच नव्हती.

कपड्यांच्या कारखान्यात ती कापणी करायची. साठ-साठ थर एकावर एक रचून एका हातानं दाबायचे आणि दुसऱ्या हातानं यंत्राची पात रेघेवरून फिरवायची. सुताइतकी चूक झाली तर साठ शर्ट वाया. हाताखालच्या पोरी तिला मास्तरीण म्हणत, कौतुकानं आणि धाकानंही. कोणी अचानक मागून हाक मारली तर ती अशी उसळायची, की पोरींनी लांबूनच खाकरत येण्याची पद्धत पाडून घेतली होती. बाळंतपणासाठी ती रजेवर आली तेव्हा त्याच पोरींनी चिंध्यांमधून निवडून चौकटीचौकटीची गोधडी शिवून दिली. त्यांचे फोन अजून येत. मास्तरीण, फोटो पाठवा ना. ती फोन पालथा घालून ठेवायची.

सात आठवडे झाले होते मुलीला. सातही आठवडे मास्तरीण सगळं करत होती. वेळेवर पाजायची, वेळेवर लंगोट बदलायची, आंघोळ, पावडर, सगळं. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त ती मुलीशी बोलत नव्हती. एक शब्द नाही. तिची आई म्हणायची, पहिलटकरणीचं असंच असतं, झोप नाही ना पुरी होत, होईल हळूहळू. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके तपासले, वजन घेतलं आणि फाइल मिटता मिटता विचारलं, बाकी सगळं ठीक ना? तिनं मान हलवली. त्यांनीही हलवली. संपलं.

आणि मग मंगळवारची दुपार.

ऑपरेटर औषधं घेऊन आला, चपला काढल्या, आणि खोलीच्या दारात थबकला. मुलगी पाळण्यात झोपलेली. मास्तरीण पाळण्यावर वाकून उभी. तिच्या दोन्ही हातांत उशी होती, छातीशी धरलेली नव्हे, पुढे धरलेली. ती हलत नव्हती. तोही हलला नाही. भिंतीवरच्या घड्याळात त्यानं पाहिलं, ही त्याची सवय; चार मिनिटं झाली. मग तिनं उशी खुर्चीवर ठेवली, ती खोलीच्या दुसऱ्या दारानं स्वयंपाकघरात गेली आणि बाटल्या धुऊ लागली.

उशी झटकत असेल. त्यानं स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की शब्दांचा चोथा झाला. त्याच संध्याकाळी तिची कापडाची लांब कात्री त्यानं शिवणाच्या डब्यातून काढली आणि गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली दडवली. कोणाजवळ ब्र काढला नाही. काय काढणार? सासूबाईंना सांगायचं, की तुमची लेक…? छे. वाक्य पुरं होतच नव्हतं. गुरुवारी आंघोळ घालताना मुलगी हातातून निसटून टबात गेली, क्षणभरच, लगेच वर काढली. सासूबाई साबणाला लाखोल्या वाहत राहिल्या, मेला किती बुळबुळीत आहे म्हणून. त्या रात्री तो डोळे टक्क उघडे ठेवून पडला होता. सासूबाई रविवारी परत जाणार होत्या, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्याची रजा संपत होती. सोमवारी सकाळी सात ते दुपारी तीन त्या घरात दोघीच असणार होत्या, मास्तरीण आणि ती एवढीशी पोर.

म्हणून कॅमेरा. आज, शनिवारी सकाळी, नाश्ता करता करता तो सहज बोलल्यासारखं बोलला होता, "बाळासाठी कॅमेरा घेऊया का? कामावरून बघता येईल मला तिला." त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "मीही येते." त्याला केवढं बरं वाटलं होतं! सात आठवड्यांत पहिल्यांदा ती मुलीला सासूबाईंजवळ ठेवून कुठे तरी यायला तयार झाली होती.

"हा बघा," बाईंनी तिसरा कॅमेरा भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. "याची नजर रुंद आहे. खोलीचा कोपरान् कोपरा येतो. याचा स्वतःचा पडदा आहे, शिवाय फोनवरही दिसतं, कितीही लांब असलात तरी. आणि दोन्हीकडून बोलता येतं. बाळ रडलं तर तिकडून अंगाई म्हणा."

ऑपरेटरनं पडदा हातात घेतला. पाळणा होता. खुर्ची होती, दोन्ही हातांसकट. खुर्चीत बसलेली बायको होती, मांडीवरचे तळवे होते, दाराची चौकट होती. कुठे आंधळी जागा नव्हती. सगळं टप्प्यात होतं. एक सुस्कारा त्याच्याही नकळत बाहेर पडला.

"हाच," तो म्हणाला.

"थांबा हो, आवाज बघून घ्या आधी. नंतर येतात लोक तक्रार घेऊन. बाळाची आई, तुम्ही इथेच पाळण्यापाशी थांबा. बाबा, तुम्ही या माझ्याबरोबर, तिकडे गाड्यांच्या रांगेपलीकडे."

त्याच वेळी लिफ्टमधून कोणी तरी आपलं रडणारं बाळ घेऊन बाहेर आलं. कोवळं, नव्या आवाजाचं रडणं. मास्तरीण उठून उभी राहत होती. तिच्या कुडत्यावर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. तिनं खाली पाहिलं. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर काही सांडलंय, असं पाहिलं. ऑपरेटरनं आपलं जॅकेट काढून पुढे केलं. तिनं ते घेतलं आणि पाळण्याच्या कठड्यावर ठेवून दिलं.

बाळगाड्यांची रांग लांबलचक होती. ती संपून पलीकडच्या बाजूला आलं की खोटी खोली दिसेनाशी व्हायची. तिथं दुधाच्या बाटल्यांच्या फळ्यांपाशी बाईंनी त्याला थांबवलं आणि बटण दाखवलं. "हे दाबून बोला. सोडलंत की त्यांचं ऐकू येईल."

पडद्यावर मास्तरीण कॅमेऱ्यासमोर उभी होती. वरून दिसत असल्यामुळे ती बुटकी वाटत होती, शाळकरी मुलीसारखी.

"ऐकू येतंय?" तिचा आवाज आला.

त्यानं बटण दाबलं. "येतंय. अगदी स्वच्छ."

"मी दिसतेय?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. हातसुद्धा."

हे आपण का बोललो, हे त्याला बोलून झाल्यावर उमगलं.  पडद्यावर तिनं हात वर उचलून कॅमेऱ्याला दाखवले, दोन्ही बाजूंनी, आणि खाली सोडले.

"हे मला बघायला घेतोयस ना तू?"

बाईंनी चटकन मान वळवली आणि शेजारच्या फळीवरच्या बाटल्या सरळ करायला घेतल्या. त्या आधीच सरळ होत्या.

"अगं, असं काय… बाळासाठी घेतोय."

"कात्री कुठे ठेवलीस ते मला माहीत नाही. पण बरं केलंस."

त्याच्या अंगठ्यानं बटण पुन्हा दाबून धरलं होतं. बटण सोडलं पाहिजे एवढं त्याला कळलं. त्यानं सोडलं.

"मंगळवारी तू दारात उभा होतास," ती म्हणाली. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तितका साधा. "कपाटाच्या आरशात दिसत होतास तू मला. हातात औषधांची पिशवी होती."

त्यानं पडदा डोळ्यांजवळ नेला.

"मी वाट बघत होते. आता येईल, आता आत येईल आणि हातातली उशी काढून घेईल. किती वेळ वाट बघितली. मग माझे हात दुखायला लागले, म्हणून ठेवली."

बाईंच्या हातातली बाटली फळीवर आडवी पडली आणि घरंगळत गेली. त्यांनी ती उचलली नाही.

"तुझ्या कामावर काय असतं मला ठाऊक आहे," पडद्यातली ती सांगत होती. "तूच सांगितलंयस. तुला पडद्यावर काही दिसलं की तू फोन उचलतोस आणि तिथं जागेवर माणूस असतो. तो धावतो. चावी त्याच्याकडे असते. आपल्याकडे जागेवर कोण असेल सोमवारी? तू बघशील. तुला सगळं दिसेल. तिथून घरी पोचायला पाऊण तास लागतो. तोवर काय करशील तू? सांग ना. बटण दाब आणि सांग."

त्यानं बटण दाबलं नाही. बारा वर्षांत त्यानं हजारदा फोन उचलला होता आणि म्हटलं होतं, सात नंबरची झडप, ताबडतोब. एवढं म्हटलं की त्याचं काम संपायचं. दरवाजा आपोआप बंद होत नाही, कोणी तरी चिखलातून धावत जातं, हे तो इतकी वर्षं जाणून होता आणि तरी घरात लावायला त्यानं आणला काय, तर पडदा. आंधळी जागा राहू नये म्हणून टेप घेऊन आला होता शहाणा! चार पावलांवरून तो आत गेला नव्हता, तो पाऊण तासावरून जाणार होता.

"तिथं आहेस ना?" पडद्यातून आवाज आला. "की चित्र थांबलंय?"

त्यानं तो पडदा बाईंच्या हातात कोंबला आणि तो धावला. बाळगाड्यांची रांग सरळ ओलांडता येत नव्हती, वळसा घालावा लागला. एका गाडीला त्याची मांडी धडकली आणि गाडी दुसरीवर गेली. मागे बाईंनी पडद्यावर पाहिलं, तर तो माणूस चित्रात आला होता आणि बायकोचे दोन्ही हात मनगटापाशी धरून उभा होता. बाई आवाज बंद करायचं बटण शोधू लागल्या. बटणं त्यांना पाठ होती, तरी तीन वेळा चुकली. मग आवाज बंद झाला आणि त्यांनी पडदा पालथा करून फळीवर ठेवला.

"गुरुवारी आंघोळीच्या वेळी," मास्तरीण त्याला सांगत होती. "साबण नव्हता तो. हात निसटला नाही. मी सोडला."

"गप," तो म्हणाला. "गप, नको."

"नको कसं? कोणाला सांगू मग? आईला सांगायला गेले, तर म्हणाली, वाईट विचार मनात आणू नये, देवाचं नाव घे. मी काय ते आणते का? ते येतात. माझ्या हातात येतात ते." ती आपल्या हातांकडे बघत होती. "हे हात माझे होते रे. साठ थर कापताना कधी थरथरले नाहीत. आताही थरथरत नाहीत, तेच तर."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याच्या होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते आणि सोडायची छाती होत नव्हती.

"आपण डॉक्टरांकडे जाऊ. सोमवारी मी…"

"सोमवार नाही. मी सकाळी नाश्त्याआधीच फोन केला होता, तू टेप शोधत होतास तेव्हा. याच रस्त्यावर पुढे मोठा दवाखाना आहे, तिथं असल्या बायकांना ठेवून घेतात. म्हणाले, आजच या. नवऱ्याला घेऊन या. म्हणून आले मी तुझ्याबरोबर. मला कॅमेरा बघायचा नव्हता."

"ठेवून घेतात म्हणजे किती दिवस?"

"विचारलं नाही."

"आणि मुलगी?"

"ती घरी," ती म्हणाली. "ती माझ्याजवळ नको. तुला कळत नाहीये का? ती माझ्याजवळ नको."

दुकानातल्या बाई रांगेच्या टोकाला येऊन उभ्या होत्या. कोणतं बांधून देऊ, असं त्यांनी विचारलं नाही. कठड्यावरचं जॅकेट उचलून त्यांनी मास्तरणीच्या खांद्यावर घातलं, पुढून नीट ओढून घेतलं, आणि म्हणाल्या, "लिफ्टला गर्दी असते. या बाजूनं जिना आहे." 

खाली गाडीत बसल्यावर ऑपरेटरनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. दुपारचं ऊन काचेवर पडलं होतं आणि समोर कोणी तरी आपल्या गाडीच्या टपावर पलंगाच्या फळ्या बांधत होतं. सासूबाईंना काय सांगायचं? कॅमेरा मिळाला नाही? गर्दी होती? त्यानं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

"आण इकडे," मास्तरीण म्हणाली. तिनं नंबर लावला.

"कुठे आहात गं?" सासूबाईंचा आवाज गाडीभर पसरला. मागे मुलगी कुरकुरत होती. "उठलीय ही. भूक लागलीय तिला, मुठी चघळतेय. किती वेळ?"

"आई, तिला वरचं दूध दे."

"वरचं? का? येताय ना तुम्ही?"

"डबा वरच्या फळीवर आहे, सीलबंद. पाणी उकळून कोमट होऊ दे, मग एका बाटलीला सपाट तीन चमचे. शिगोशीग भरू नकोस, पोटात दुखतं तिच्या. बाटलीचं बूच छोट्या भोकाचं लाव, निळं. मोठ्यानं तिला ठसका लागतो."

"अगं पण…"

"ऐक ना. डाव्या खांद्यावर घे तिला. उजव्यावर घेतलंस तर ढेकर निघत नाही, रडत बसते. पाठीवर थोपटायचं नाही, खालून वर हात फिरवायचा, सावकाश. झोपताना ती कान धरते, स्वतःचा, तो सोडवू नकोस. आणि लगेच पाळण्यात ठेवू नकोस, आधी मांडीवरच राहू दे, डोळे मिटले तरी. डोळे मिटून ती जागीच असते. पापण्या हलायच्या थांबल्या की मग ठेव."

ऑपरेटरनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. सात आठवडे तो त्या दोघींना बघत होता, घारीसारखा बघत होता, आणि यातलं त्याला एकही माहीत नव्हतं. कान धरते हेसुद्धा नाही.

पलीकडे मुलगी आता सूर लावून रडायला लागली होती. मास्तरणीनं जॅकेट पुढून घट्ट आवळून धरलं.

"अगं, एवढं सगळं तुलाच ठाऊक," सासूबाई म्हणाल्या, "तर तूच ये ना लवकर घरी. आजच्यापुरतंच आहे ना हे वरचं दूध?"

मास्तरणीनं फोन नवऱ्यापुढे धरला. पाठ सरळ करून ती समोर बघत बसली. फळ्या बांधणाऱ्या माणसाची दोरी पुन्हा सुटली होती.

"आई," ऑपरेटर म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "आई, तुम्ही जरा बसा. पोरीला मांडीवर घ्या आणि बसा. मग सांगतो."